वाळवंटात झाडं वाढली की सांड्याची बिळं का कमी होतात?

वाळवंटात झाडं लावली की तिथल्या प्राण्यांचं भलंच होणार, असं आपल्याला वाटतं. सांड्याच्या बाबतीत हे गणित उलटं आहे.

सांडा म्हणजे राजस्थानच्या थर वाळवंटात आणि गुजरातमधल्या कच्छमध्ये आढळणारा, काटेरी शेपटीचा सरडा. तो मुख्यतः गवत, पानं, फुलं खातो. 'सांड्याचं तेल' विकणाऱ्यांमुळे त्याचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. (त्या तेलाचे दावे बिनबुडाचे आहेत आणि सांड्याची शिकार बेकायदा आहे.)

सांडा सरकत्या वाळूच्या टेकड्या टाळतो. सपाट, घट्ट, बरीचशी उघडी जमीन निवडून तो नागमोडी बीळ खोदतो. सहसा एका बिळात एकच सांडा राहतो. पण बीळ उघड्यावर का?

एक तर त्याचं शरीर उन्हावरच तापतं, त्यामुळे सकाळी बिळाच्या तोंडाशी ऊन हवं. दुसरं म्हणजे गरुड, ससाणे, कोल्हे त्याच्यावर टपलेले असतात. शत्रू लांबून दिसला की बिळात शिरायचं, हाच त्याचा मुख्य बचाव. मध्ये झुडूप आलं की शत्रू उशिरा दिसतो. शिवाय झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला आयती जागा. अर्थात अगदी उजाड जमीनही चालत नाही, कारण मग चरणार काय? म्हणून बीळ उघड्यावर आणि गवत जवळपास, अशी जागा त्याला लागते.

सगळ्याच वाळवंटी सरड्यांना हे लागू नाही. अमेरिकेतला डेझर्ट इग्वाना क्रिओसोट नावाच्या झुडपांच्या बुंध्याशी बिळं करतो. तिथली वाळू भुसभुशीत असते, ती मुळांमुळे धरून राहते. वर सावली मिळते आणि त्याच झुडपाची पिवळी फुलं खायलाही मिळतात.

कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात मात्र उलट घडलं. रणाचा खारटपणा पसरू नये म्हणून १९६१ च्या सुमारास तिथे परदेशी वेडी बाभूळ लावली गेली. (तिच्या गुजराती नावाचा अर्थही हाच!) ती आवरता न येण्याइतकी पसरली. जिथे तिची दाट जाळी झाली, तिथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि खालचं गवतही मरतं. सांड्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकदम जातात.

तरीही सरकारी नोंदींत अशा उघड्या जमिनी अनेकदा 'पडीक' ठरतात आणि वृक्षारोपणासाठी आधी त्यांच्यावरच बोट ठेवलं जातं.