मान मोडून मिळालेला मान

कुठल्याही कचेरीतल्या निरोपसमारंभाला जा, 'साहेबांनी तीस वर्षं या संस्थेसाठी मान मोडून काम केलं' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय बटाटेवड्याची बशी हातात येत नाही. साहेबांची मान तेव्हा अगदी शाबूत असते. इतकी की तीत एका वेळी चार हार सहज मावतात. हा वाक्प्रचार अक्षरशः खरा करून दाखवणारा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे. तो जर्मन होता, मॅन्चेस्टर सिटी या इंग्रज फुटबॉल क्लबाचा गोलकीपर होता, आणि त्याचं आडनाव होतं ट्राउटमान. आडनावातच मान! नियतीलाही कधीकधी कोटी करण्याचा मोह आवरत नाही.

फुटबॉलचे पाठीराखे एखाद्या खेळाडूला क्लबाचं दैवत कशावरून ठरवतात, यावर जगभरच्या चहाच्या टेबलांवर वाद चालतात. कुणी गोल मोजतो, कुणी चषक मोजतो. ट्राउटमान या हिशेबात बसत नाही. १९४९ ते १९६४ अशी पंधरा वर्षं तो सिटीकडून खेळला, सामने ५४५, आणि मोठा चषक एकच. उलट या काळात क्लब दोनदा पहिल्या वर्गातून खालच्या वर्गात घसरला. आपल्याकडे मुलगा दोनदा नापास झाला तर शिकवणीचे मास्तर बदलतात. इथे मास्तरांची पूजा झाली.

निष्ठा म्हणावी, तर तिथेही जरा सावकाश. १९६१ सालापर्यंत इंग्लंडात खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती आणि क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळशा निष्ठा या आपल्याकडच्या जुन्या संसारांसारख्या होत्या : प्रेम असेलही, पण जाणार कुठे?

मग हा दैवत झाला कसा? त्यासाठी सुरुवात पाहायला हवी. ब्रेमेनमध्ये जन्मलेला हा तरुण हिटलरच्या फौजेत छत्रीधारी सैनिक होता, रशियाच्या आघाडीवर लढून त्याने आयर्न क्रॉस हे पदक मिळवलं होतं. पुढे ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि लँकेशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आला. तिथल्या एका सामन्यात दुखापत झाली म्हणून तो जागा बदलून गोलात उभा राहिला, तो उभाच राहिला. सुटका झाल्यावर मायदेशी परतायला नकार देऊन तो सेंट हेलेन्सच्या छोट्या संघाकडून खेळू लागला. इंग्रजांनी 'बर्नहार्ड'चा 'बर्ट' केला. आपण नाही का बाळकृष्णाचा बाळू करत!

१९४९च्या ऑक्टोबरात सिटीने त्याला घेतलं आणि मॅन्चेस्टर पेटलं. युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. वीसेक हजार माणसं निषेधाला रस्त्यावर उतरली. हंगामाची तिकिटं घेणारे बहिष्काराची भाषा बोलू लागले. तेव्हा दोघांनी त्याची बाजू घेतली. संघनायक एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला. त्याने, या खोलीत युद्ध नाही, असं सांगून त्याचं स्वागत केलं. दुसरे शहराचे ज्यू धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान. (पुन्हा मान!) हे १९३८ साली बर्लिनहून निसटून आलेले, त्यांचे आईवडील नाझींनी मारले होते. त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून विनवलं, की साऱ्या जर्मनीचा गुन्हा या एका माणसाच्या माथी मारू नका. ज्याला राग धरण्याचा सर्वांत जास्त हक्क, त्यानेच तो सोडला म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली.

१९५०च्या जानेवारीत लंडनला फुलहॅमशी सामना होता. बाँबगोळे खाल्लेलं शहर ते. प्रेक्षकांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. पठ्ठ्याने असे काही गोल अडवले, की शेवटी दोन्ही संघांनी दुतर्फा उभं राहून त्याला टाळ्यांच्या गजरात निरोप दिला आणि शिव्या देणारेही उठून उभे राहिले. सिटी तो सामना एक-शून्य हरली होती, बरं का!

मानेचा प्रसंग १९५६चा. एफ. ए. कपचा अंतिम सामना, वेम्बली, समोर बर्मिंगहॅम सिटी. शेवटची सुमारे पंधरा मिनिटं उरली असताना बर्ट पुढे झेपावला आणि प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर मान आदळली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. डोळ्यांपुढे अंधार, तरी हा गोलात उभा राहिला, आणखी गोल अडवले, आणि सिटी ३-१ अशी जिंकली. पदक देताना प्रिन्स फिलिपनी त्याची मान वाकडी दिसते, असं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, उसण भरली असेल. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, पाच मणके सरकलेत आणि दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे झालेत. तिसरा मणका त्याला पाचरीसारखा अडकला म्हणून प्राण वाचले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा लहानगा मुलगा मोटारीखाली सापडून गेला. तरीही तो परत येऊन गोलात उभा राहिला.

तो काही संत नव्हता. रागीट होता; १९६२ साली चिडून चेंडू पंचावर लाथाडला म्हणून त्याला मैदानाबाहेर काढलं. पाठीराख्यांनी तेही पोटात घातलं. मला वाटतं, त्यांचं त्याच्यावर जुनं देणं होतं. ज्याच्यावर आपण आधी फुली मारली आणि मग ती गुपचूप खोडावी लागली, त्याच्यावरचं प्रेम साधं राहत नाही. त्यात व्याजही मिसळतं. २०२३ साली सिटीने एकाच हंगामात तीन मोठे चषक जिंकले. त्या खेळाडूंवरही लोकांचा जीव आहे; पण त्यांना आपलं म्हणण्यासाठी कुणाला काही गिळावं लागलं नव्हतं.

१९६४च्या एप्रिलमध्ये ट्राउटमानच्या गौरवार्थ सामना झाला, त्याला सत्तेचाळीस हजारांच्या आसपास माणसं लोटली. पंधरा वर्षांपूर्वी निषेधाला निघालेल्या वीस हजारांपैकी त्यांत किती होते, याची मोजदाद कुणी केली नाही. तिकिटाच्या खिडकीवर तसं विचारण्याची पद्धतही नाही.