एका शतांश सेकंदाचा हिशेब

कोल्हापूरचे नाव घेतले की डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती तालमीतली तांबडी माती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, आणि या नगरीची ओळख मल्लांची नगरी अशी कायमची होऊन बसली. परंतु याच कोल्हापुरात २९ ऑगस्ट १९९१ रोजी जन्मलेल्या एका मुलाने मातीऐवजी पाणी हे आपले क्षेत्र मानले. वीरधवल खाडे हे त्याचे नाव. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना केवळ पदकांची मोजदाद करून आमचे समाधान होत नाही. कारण तीत गुणवत्तेच्या कथेइतकीच, गुणवत्तेशी समाज कसा वागतो याचीही कथा दडलेली आहे.

पंचगंगेच्या काठच्या या मुलखाला पोहण्याचे अप्रूप नाही. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुलाला विहिरीत सोडायचे आणि आठवड्याभरात तो डबा सुटायचा, ही आपल्याकडची जुनी शाळा. पण पाण्यात तरंगता येणे वेगळे आणि वेगाची शर्यत जिंकणे वेगळे. शर्यतीचे पोहणे हे पहाटेच्या अंधारात सुरू होणारे, वर्षानुवर्षे चालणारे, बव्हंशी एकाकी असे काम आहे. त्यासाठी मोजमापाचा तलाव लागतो, जाणता मार्गदर्शक लागतो, आणि आपल्या लेकराला शाळकरी वयात दूर पाठविण्याचे धैर्य लागते. वीरधवल यांना हे सारे बंगळूरमध्ये मिळाले. तेथे निहार अमीन हे त्यांचे प्रशिक्षक झाले. पुढे २०१५ साली अमीन यांना द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविण्यात आले.

या साधनेचे फळ लवकर दिसले. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अवघ्या सोळा वर्षांचा हा मुलगा ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन शर्यतींत उतरला. त्याला प्राथमिक फेरीपुढे जाता आले नाही, हे खरे. पण त्या वयात तेथवर पोहोचणे हीच मोठी मजल होती. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत ब्राँझपदक मिळविले.

या पदकाचे मोल समजण्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. १९५१ साली दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा भरली, तेव्हा बंगालच्या सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर १९८६ साली सोल येथे खजानसिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक आणले. पुढची चोवीस वर्षे आशियाई स्पर्धेतील जलतरणात भारताची पाटी कोरी राहिली. ती कोरी पाटी कोल्हापूरच्या या एकोणीस वर्षांच्या मुलाने भरून काढली. २०११ साली त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

येथून पुढे ही कथा वेगळे वळण घेते. महाराष्ट्र शासनाने या पराक्रमाचा गौरव म्हणून वीरधवल यांची थेट तहसीलदार पदावर नेमणूक केली. खेळाडूच्या भवितव्याची चिंता शासनाने वाहावी, यात वावगे काहीच नाही. उलट ते स्तुत्यच म्हटले पाहिजे. आपल्या घरांतूनही मूल खेळात रमू लागले की ‘पुढे पोटाचे काय?’ हा प्रश्न विचारला जातोच ना? त्या प्रश्नाला हे सन्मानाचे उत्तर होते. परंतु तहसीलदाराचे काम म्हणजे मानाची नुसती खुर्ची नव्हे. जमिनीचे दावे, पंचनामे, निवडणुका, टंचाई आणि अतिवृष्टी, या साऱ्यांचा भार त्या पदावर असतो. दिवसातून दोन वेळा तलावात उतरण्याची मुभा त्या जबाबदारीत कोठून मिळणार? पोहणाऱ्याचे शरीर तर अशी सुट्टी मान्य करीत नाही; काही आठवडे पाण्यापासून दूर राहिले तरी हातांना येणारी पाण्याची जाण बोथट होते.

ऐन उमेदीची वर्षे अशा रीतीने सरावाला पारखी झाली. २०१४ साली इंचॉन येथे आशियाई स्पर्धा झाली, तेव्हा बीजिंगला त्यांच्यासोबत गेलेल्या संदीप सेजवाल यांनी ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ब्राँझ मिळविले. वीरधवल मात्र त्या संघात नव्हते. जे पद बक्षीस म्हणून मिळाले, तेच ज्या गुणासाठी ते मिळाले त्या गुणाच्या आड आले.

तरीही ते पाण्याकडे परतले. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात, ते ५० मीटर फ्रीस्टाइलसाठी उभे राहिले. सकाळच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा २२.५२ सेकंदांचा विक्रमही त्यांचाच, २००९ सालचा होता. अंगभर घट्ट बसणारे ते वेगवर्धक पोशाख २०१० पासून स्पर्धांतून हद्दपार झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या नव्या विक्रमामागचे कष्ट कळून येतात.

सायंकाळी अंतिम फेरी झाली. ही शर्यत म्हणजे तलावाची एकच लांबी. वळण नाही, चूक सुधारण्यास उसंत नाही, श्वासही मोजूनमापून घ्यायचा. भिंतीवरील पट्टीला बोटे टेकताच घड्याळ थांबते. वीरधवल यांची वेळ होती २२.४७ सेकंद. तिसऱ्या आलेल्या जपानच्या शुनिची नाकाओ यांची २२.४६. एका शतांश सेकंदाने पदक गेले! त्या वेगाने एका शतांश सेकंदात शरीर जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजे बोटाचे एक पेर. आणि मनाला अधिक चटका लावणारी गोष्ट अशी की, सकाळचीच वेळ सायंकाळी पुन्हा साधली असती, तर ते पदक त्यांचेच होते.

हा एक शतांश सेकंद कोणाच्या खात्यावर मांडायचा? सारा दोष व्यवस्थेवर ढकलणे सोपे आहे, आणि ते न्यायाचेही नाही. शर्यतीत उडीपासून स्पर्शापर्यंत शंभर कारणे असतात. परंतु पाण्याविना गेलेल्या त्या वर्षांचे मोल एका पेराएवढेही नव्हते, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

याच कोल्हापुरात घडलेली जुनी गोष्ट येथे आठवते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर लाभला. सचिन नाग यांचेही तेच. १९८७ साली ते निवर्तले आणि ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला २०२० साली. सत्कार करण्यास आपण उशिरा का होईना, पुढे येतो. प्राचार्य खर्डेकरांनी केले ते निराळे होते. त्यांनी पदक मिळण्यापूर्वी, ज्या घडीला गरज होती त्या घडीला, हात पुढे केला.

२०२० च्या महासाथीत देशभरातील तलाव बंद राहिले, तेव्हा निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे वीरधवल यांनी जाहीरपणे बोलून दाखविले होते. तरी ते आणखी तीन वर्षे पोहत राहिले. २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या. पणजीतील कांपाल येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. महिलांच्या त्याच शर्यतीचे सुवर्ण त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे यांनी पटकाविले. त्या विजयानंतर वीरधवल यांनी निवृत्ती जाहीर केली.

आपल्या घरांत, आपल्या शाळांच्या क्रीडादिनी, असे एखादे मूल दिसतेच, ज्याचे पाय किंवा हात इतरांहून वेगळे बोलतात. त्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो, ढाल देतो, छायाचित्र काढतो. वीरधवल खाडे यांची कारकीर्द आम्हांला एवढेच सांगते की, त्या मुलाला ढालीहून अधिक गरज असते ती वेळेची. ती वेळ त्याच्या चढत्या वयातच द्यावी लागते. मागाहून कितीही उदारपणे दिली तरी ती त्याच्या उपयोगी पडत नाही.