पाठशाळा आपल्या घरात कधी आली?



चौमासा जवळ आला की कर्जत-खोपोलीकडच्या आपल्या घरांत एक विषय निघतोच. रविवारी सकाळी मुलांना पाठशाळेत पाठवायचं, की कराटेला, अबॅकसला, स्कॉलरशिपच्या क्लासला? आमच्या गावातल्या पाठशाळेत दोन वर्षांत मुलं निम्मी झाली आहेत. यंदा वर्ग चालू ठेवायचा का, असं शिकवणाऱ्या ताईंनी सगळ्या आयांना विचारलं आहे. आणि न्यू जर्सीत राहणारी माझी नणंद फोनवर हेच म्हणते, "वहिनी, इकडे पाठशाळेच्याच वेळेला सॉकर असतं. रोजची भांडणं."

ताईंना उत्तर देण्याआधी मी दुसराच प्रश्न घेऊन बसले. ही पाठशाळा आपल्याकडे आली कधी, आणि का?

आपण समजतो की पाठशाळा फार पूर्वीपासूनची. साधूंनी, पंडितांनी शास्त्र शिकवण्याची परंपरा जुनी आहेच. पण घरातल्या प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा वर्गात बसून धर्म शिकायचा, ही पद्धत तितकी जुनी नाही. माझ्या सासूबाई शिरोळ तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. त्या कधी पाठशाळेत गेल्या नाहीत. त्या धर्म शिकल्या विहिरीवर. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, मग कापड उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि ती जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही. भांडं दोरीने पाण्यापर्यंत उतरवून अलगद उपडं करायचं. पाच-सहा वर्षांची पोर हे रोज बघते. पाण्यात जीव आहेत, ते आपले नाहीत आणि त्यांना त्यांच्या घरी पोचवायचं, हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही.

चौमासाही तसाच. पावसात जमीन जिवांनी भरून जाते, पाय कुठे ठेवावा कळत नाही, म्हणून साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात. कल्पसूत्रात भगवान महावीरांचे 42 चौमासे गावांच्या नावांसह सांगितले आहेत, त्यातले 14 राजगृह आणि नालंदा परिसरातले. मला यात एक साधी गोष्ट दिसते. हा नियम आधी पावसातून आला, मग पंचांगात गेला.

मग माणसं हलायला लागली.

आपल्या या खोऱ्याचंच बघा. 1856 साली रेल्वे कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाटाचं काम चाललं, हजारो मजूर डोंगरात राबले आणि 1863 मध्ये घाट रेल्वेला खुला झाला. नेरळ, कर्जत, खोपोली ही गावं मुंबई-पुण्याच्या वाटेवरची ठाणी बनली. 1880च्या दशकातल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरमध्ये मारवाडी आणि गुजराती वाण्यांच्या नोंदी आहेत. गावापासून शेकडो कोसांवर दुकान टाकलेल्या घरात आजी-आजोबा मागे राहिलेले असत आणि आईवर सगळा भार असे. साधू-साध्वी विहार करत याच रस्त्याने मुंबई-पुणे ये-जा करतात, पण त्यांचा मुक्काम एक-दोन दिवसांचा. अशा ठिकाणी मुलांना सूत्रं कोणी शिकवायची? देरासराच्या ओसरीवर वर्ग भरवायची गरज तिथे पडते.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रातही वेगळ्या वाटेने हेच झालं. 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशा ठिकाणी जैन बोर्डिंगं निघाली. शेतकऱ्यांची मुलं शिकायला शहरात आली. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील अशाच घरातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून ते शिकले आणि 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या मुलाच्या वाट्याला आईचं गाळणंही नाही आणि घरची विहीरही नाही. म्हणून तिथे सकाळची प्रार्थना आणि धर्माचा तास आला. घरी जे हाताने होत होतं, ते इथे वेळापत्रकात बसवावं लागलं.

पुढचा मुक्काम तर साता समुद्रापार. 1893 साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्मावर बोलले, पण ते परत आले. कुटुंबं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली ती 1965च्या नव्या कायद्यानंतर. डॉक्टर, इंजिनियर गेले, मुलं तिथे जन्मली. 1981 साली तिथल्या जैन केंद्रांचा 'जैना' हा महासंघ उभा राहिला. त्याच साली बृहन्महाराष्ट्र मंडळही स्थापन झालं. एकीकडे पाठशाळा, दुसरीकडे मराठी शाळा, आणि दोन्ही शनिवार-रविवारी. आपली आराधना तिथीवर चालते, अष्टमीला, चतुर्दशीला. परदेशात तिथीचा वार झाला. महावीर जयंती जवळच्या सुट्टीला आणि दशलक्षणाचे कार्यक्रम ऑफिस सुटल्यावर.

एवढं सगळं जुळवल्यावर माझ्या लक्षात आलं की पाठशाळा ही गाव सोडलेल्यांची सोय आहे. जिथे पायाखालची जमीन बदलली, तिथे ती निघाली. त्यात कमीपणा काही नाही. ती नसती तर मारवाडातून नेरळला किंवा सांगलीहून न्यू जर्सीला आलेल्या घरांतून दोन पिढ्यांत नवकारसुद्धा पुसला गेला असता. आम्हीही इथे नोकरीसाठीच आलो. गावातलं देरासर श्वेतांबर संघाचं आणि आम्ही दिगंबर, तरी माझ्या मुलीला नवकार त्याच ओसरीवर पाठ झाला, थोड्या गुजराती हेलात. त्यांचं पर्युषण संपतं आणि आमचं दशलक्षण सुरू होतं, म्हणून तिला भाद्रपद दुप्पट मिळतो!

पण वर्ग शब्द देतो. त्या शब्दांखालची जमीन त्याला देता येत नाही. हे मला नणंदेच्या मुलांमुळे उमगलं. मागच्या जुलैत ती दोघं इथे आली. पाठशाळेत हुशार, 'चातुर्मास म्हणजे काय' हे इंग्रजीत घडाघडा सांगणारी. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पहिल्याच सकाळी अंगणात गांडुळं, गोगलगाई, भिंतीवर हिरवं शेवाळं, पायरीवर बुरशी. धाकटा दारातच थांबला आणि म्हणाला, "मामी, पाय कुठे ठेवू?" सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "हाच बघ चौमासा."

त्याच दिवशी बाजारात ठाकर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. कर्टोली घेतली. टाकळा आणि कुर्डू घेतला नाही, कारण पावसात पानाच्या पाठीला बारीक जीव असतात. करांदे तर कंदच, ते आपल्याकडे नाहीतच. पान उलटून दाखवल्यावर दोन्ही मुलांना कळलं. माझ्या मुलीलाही तेव्हाच नीट कळलं, आणि ती तर इथेच वाढलेली!

हे मला जास्त लागलं. परदेशातल्या मुलांपाशी हा पाऊस नाही, त्यांची पाठशाळेवर भिस्त असणं समजू शकतं. आपल्या दारात मात्र उल्हास आणि पाताळगंगा दोन्ही खोऱ्यांचा पाऊस कोसळतो, आणि आपली मुलं खिडकी लावून पुस्तकातून जीवदया पाठ करतात. शिवाय आता पाणी नळाला येतं. जिवाणी सोडायची तरी कुठे? ज्या मुलीने विहीर पाहिली नाही, तिला गाळणं म्हणजे नळाला बांधलेली चिंधी वाटते. मग तिला कराटे बरं वाटलं, तर तिला बोलून काय उपयोग?

म्हणून ताईंना मी सांगितलं, वर्ग बंद करू नका. सूत्रं, स्तवनं, गोष्टी चारचौघांत बसूनच पाठ होतात, आणि बरोबरीची मुलं भेटतात हेही थोडं नाही. फक्त चौमाशात महिन्यातला एक रविवार पुस्तक मिटून ठेवू. देरासराच्या आवारात मुलांना पाऊल बघून टाकू दे, बाजारात भाजी निवडू दे. जुनी विहीर अजून पाण्याची असेल तिथे कोणा आजीकडून जिवाणी सोडायला शिकू दे. आणि घरी प्रत्येक मुलाकडे एक काम रोजचं असू दे. आमच्याकडे यंदा पिण्याचं पाणी गाळणं मुलीकडे आहे. कराटेही चालू आहे. ते संध्याकाळच्या बॅचला गेलं, भांडण तिथेच मिटलं.

नणंदेलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "इकडे पावसाळा कुठे, वहिनी?" पण या वसंतात तिचा फोन आला. रात्री पाऊस पडला की सकाळी तिथल्या फुटपाथवर गांडुळं येतात. शाळेच्या बसची वाट बघताना दोघं ती पानावर उचलून गवतात सोडतात. एकदा बस चुकता चुकता राहिली. "ओरडू का त्यांना?" असं ती विचारत होती.

मी म्हटलं, ओरड, पण उद्यापासून दहा मिनिटं लवकर उठव.