सात, तेरा आणि मराठी अक्षर

तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथले उंब्रज हे कऱ्हाड तालुक्यातले गाव. तिथल्या जमिनीचा सातबारा आता संगणकावर निघतो आणि त्यावर गावाचे नाव स्वच्छ मराठीत उमटते. नाव छोटे, पण त्याला जागा लागते: उ-च्या डोक्यावर अनुस्वार, मध्ये शिरोरेषा, ब-च्या पोटाखाली रकाराची तिरकी रेघ. संगणकावर मराठी कशी आली हे सांगताना आपण फाँट आणि कळफलक यांच्यावरच थांबतो. माझे म्हणणे असे की या इतिहासाचा कणा वेगळाच आहे. एखाद्या चिपपुरते, एखाद्या यंत्रापुरते जे आकडे असतात ते कुठे ठेवायचे, हा तो प्रश्न. ते ज्यांनी यंत्रापाशीच बांधून ठेवले त्यांचे काम टिकले. ज्यांनी ते मजकुरात मिसळू दिले त्यांचा मजकूर अडकून पडला.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या पडद्याची सूत्रे मोटोरोलाच्या ६८४५ या चिपकडे होती. या चिपमध्ये अठरा रजिस्टरे, म्हणजे आकडा ठेवायचे अठरा लहानसे कप्पे. ओळीत किती अक्षरे, पडद्यावर किती ओळी, कर्सर कुठे, हे सगळे त्यांत भरलेल्या आकड्यांवर ठरे. चिप एकच, पण कार्डे दोन. एकरंगी कार्डावर पहिल्या रजिस्टरात ९७ भरायचे, रंगीत कार्डावर ऐंशी अक्षरी ओळीसाठी ११३. एकाचे आकडे दुसऱ्याला दिले तर चित्र विसकटे आणि एकरंगी मॉनिटर जळण्याचीही भीती असे. मराठीच्या दृष्टीने कळीचे होते दहावे रजिस्टर. अक्षराच्या चौकटीत आडव्या रेषा किती, त्यातून एक वजा करून तिथे लिहायचे. एकरंगी कार्डावर १३, म्हणजे चौदा रेषा. रंगीत कार्डावर ७, म्हणजे आठच. आठांतली एक शिरोरेषेला, दोन वरच्या मात्रा-अनुस्वाराला आणि दोन खालच्या उकाराला दिल्या, तर अक्षराच्या अंगाला उरतात तीन. तीन रेषांत ‘ब्र’ कसा काढणार? रोमन लिपीला पुरलेली ती चौकट देवनागरीला मुळातच अपुरी होती.

आयबीएमच्या अभियंत्यांनी एक शहाणपण केले होते, ते मला फार मोलाचे वाटते. हे आकडे त्यांनी बायोसच्या, म्हणजे यंत्रातच कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या, सूचनांमध्ये विखरून टाकले नाहीत. चार प्रकारच्या पडद्यांसाठी सोळा-सोळा आकड्यांच्या चार ओळी, असा एक तक्ता केला आणि तो कुठे आहे हे सांगणारा पत्ता ठरावीक जागी ठेवला. पत्ता बदलला की तक्ता बदले. सूचनांना हात लावावा लागत नसे. शिवाय बायोसची संहिता छापून विकली, त्यामुळे कोणता आकडा कशासाठी हे परक्यालाही वाचता आले.

आयआयटी कानपूरला देवनागरीवर झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तिथून जिस्ट कार्ड निघाले. ते पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही भारतीय लिपी दिसे. पण कार्डाहून मोठे काम इस्कीचे, म्हणजे १९९१ साली भारतीय मानक (आयएस १३१९४) झालेल्या संकेतांचे. इस्कीने आकाराला क्रमांक दिला नाही, अक्षराला दिला. जोडाक्षर कसे काढायचे ते पडद्याच्या बाजूने पाहावे, मजकुरात फक्त ब, हलन्त, र. कार्डे कालबाह्य झाली, पण युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतली.

यावर कोणी म्हणेल, मग श्रेय मानकाचे. रजिस्टरातल्या आकड्यांचा एवढा गवगवा कशाला? कारण ते आकडे कोणीतरी बिनचूक भरल्याशिवाय मानकातले एकही अक्षर पडद्यावर दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता उपकरणे स्वतःची ओळख स्वतः सांगतात, तेव्हा हा प्रश्नच मिटला. तो मिटलेला नाही. चिप आपले नाव सांगते. ती कोणत्या बोर्डावर, कोणत्या घड्याळावर, कोणत्या जोडण्यांसह बसवली आहे हे तिला ठाऊक नसते. म्हणून तर लिनक्समध्ये २०११ नंतर एआरएम बोर्डांची अशी माहिती संहितेतून काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फायलींत नेण्याचे मोठे काम झाले. तक्ता वेगळा ठेवण्याचा १९८१ चाच तो विचार.

उलट वागल्यावर काय होते याचा पुरावा मराठीतच आहे, आणि तो क्लेशदायक आहे. नव्वदच्या दशकात छपाईसाठी जे फाँट पसरले त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे अर्धा ‘ब’. प्रत्येक फाँटचा क्रम निराळा. फायलीत साठले ते अक्षर नव्हे, त्या फाँटपुरता आकडा. वेळ कमी होता, दुसरा सोयीचा मार्ग हाताशी नव्हता, हे त्या लोकांच्या बाजूने मान्य करायला हवे. अंक वेळेवर निघाले, पुस्तके छापली गेली. पण फाँट हरवला की तीच फाईल उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो.

कऱ्हाड, सातारा, सांगलीकडच्या छापखान्यांत, शाळांत, ग्रंथालयांत ज्यांच्याकडे अशा जुन्या फायली असतील त्यांनी त्या आताच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. आणि ते होईपर्यंत मूळ फाँट पुसू नये; त्या मजकुराची किल्ली तेवढीच आहे.