दोरी, घंटा आणि दरवाजा

श्रोतेहो, जखम भरूनही दुखत राहिलं, की घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ!’ या समजुतीमागे एक जुनी उपमा आहे. देकार्तच्या १६६४ साली छापलेल्या फ्रेंच ग्रंथात वेदना म्हणजे दोरी: इकडे ओढा, तिकडे घंटा वाजते. ओढणारं कुणी नसताना घंटा कशी वाजेल?

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी सांगितलं, मज्जारज्जूत जणू दरवाजा आहे आणि तो उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो. २००३ मध्ये बटलर आणि मोझली या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टांनी वेदनेचं नवं शास्त्र रुग्णांसाठी सोप्या पुस्तकात मांडलं. दुखणं खरंच असतं. पण प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे. हे उमगलं की भीती ओसरते, पावलं हलू लागतात.

घरातल्या दुखणाईताला खोटं पाडू नका. त्याच्यासोबत अंगणापर्यंत चाला.