डांग्या खोकला : तान्ह्या बाळांसाठी इतका घातक का?

घरातल्या मोठ्या माणसाला तीन-चार आठवडे खोकला राहिला, तर तो ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढला जातो. पण तो खोकला डांग्या असेल आणि घरात दोन महिन्यांचं बाळ असेल, तर गोष्ट वेगळी होते. मोठ्यांना फक्त त्रास देणारा हा आजार लहान बाळाचा जीव घेऊ शकतो.

डांग्या खोकला म्हणजे काय?

हा ‘बोर्डेटेला पर्ट्युसिस’ या जिवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार आहे. ब्रुसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह जांगू यांनी १९०६ मध्ये हा जिवाणू वेगळा केला. जिवाणूचं नाव बोर्दे यांच्यावरूनच पडलं.

खोकताना किंवा शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून तो पसरतो. लस न घेतलेली माणसं रुग्णासोबत एका घरात राहत असतील, तर त्यांतल्या बहुतेकांना लागण होते. लागण झाल्यावर साधारण ७ ते १० दिवसांत लक्षणं दिसू लागतात.

पहिले एक-दोन आठवडे साध्या सर्दीसारखे जातात : नाक गळतं, थोडा खोकला येतो, कधी बारीक ताप असतो. संसर्ग सर्वात जास्त याच काळात पसरतो. पुढे खोकल्याची उबळ येऊ लागते. एकामागून एक ठसके येतात, श्वास घ्यायला उसंत मिळत नाही आणि शेवटी हवा आत ओढताना ‘हूप’ असा आवाज येतो. उबळीनंतर अनेकदा उलटी होते. पूर्ण बरं व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

बाळांमध्ये ओळखू का येत नाही?

तो ‘हूप’ आवाज लहान बाळांमध्ये अनेकदा येतच नाही. तेवढ्या जोराने हवा आत ओढण्याची ताकद त्यांच्यात नसते. काही बाळांना खोकलाही फारसा नसतो. बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, निळं किंवा पांढरंफटक पडतं, दूध ओढत नाही, एवढंच दिसतं. दोन उबळींच्या मध्ये ते अगदी ठीकही वाटू शकतं. त्यामुळे दवाखान्यात तपासणीच्या वेळी काहीच न दिसण्याची शक्यता असते. अशा वेळी उबळीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना उपयोगी पडतो.

गंभीर आजारात नेमकं काय होतं?

अमेरिकेतील आकडेवारीनुसार डांग्या खोकला झालेल्या एक वर्षाखालच्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांना रुग्णालयात ठेवावं लागतं. दाखल झालेल्या १०० बाळांपैकी साधारण ६८ जणांचा श्वास मध्येच थांबतो, २२ जणांना न्यूमोनिया होतो, दोघांना झटके येतात आणि सुमारे एकाचा मृत्यू होतो.

हा जिवाणू एक विष तयार करतो. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रचंड वाढतात. काही बाळांमध्ये त्यांची संख्या ५०,००० च्या वर जाते. या पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दाटतात, तिथला दाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. अशा वेळी व्हेंटिलेटरही पुरा पडत नाही. काही बाळांचं रक्त बदलून पांढऱ्या पेशी कमी कराव्या लागतात. म्हणूनच पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढणं ही धोक्याची मोठी खूण मानली जाते.

कोणत्या बाळांना धोका जास्त?

- तीन महिन्यांखालची बाळं. लसीचे डोस सुरू झालेले नसतात किंवा पूर्ण झालेले नसतात. बहुतेक मृत्यू याच वयात होतात.
- वेळेआधी जन्मलेली किंवा कमी वजनाची बाळं. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडं मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचतात. लवकर जन्मलेल्या बाळाला ती कमी मिळतात.
- आईने गरोदरपणात ही लस न घेतलेली बाळं. लहानपणीच्या लसीचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो. त्यामुळे आईकडेच पुरेशी प्रतिपिंडं नसतात.
- हृदय किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली बाळं.
- घरात कुणी खोकत असलेली बाळं. संसर्ग बहुधा आई-वडील, भावंडं किंवा आजी-आजोबांकडूनच येतो.
- उपचार उशिरा सुरू झालेली बाळं.

उपचार काय?

घशा-नाकातला नमुना घेऊन पीसीआर चाचणी करतात. लहान बाळात दाट शंका असेल, तर अहवालाची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू केलं जातं. एक महिन्याखालच्या बाळांना सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. औषध लवकर मिळालं तर आजाराची तीव्रता कमी होऊ शकते. उबळी पूर्ण सुरू झाल्यावर त्याने खोकला लगेच थांबत नाही, पण इतरांना होणारा संसर्ग साधारण पाच दिवसांत थांबतो. घरातल्या इतरांनाही प्रतिबंधक औषध दिलं जातं.

खोकल्याच्या सिरपचा इथे उपयोग नाही. एक वर्षाखालच्या बाळाला गुटीतूनही मध चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम हा वेगळाच गंभीर आजार होऊ शकतो. शेक-शेगडीचा आणि धुरीचा धूरही बाळाच्या श्वासाला त्रासदायक ठरतो.

बचाव कसा करायचा?

भारतातील सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मोफत मिळते. तिच्यात डांग्या खोकल्याची लस असते. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांचं असताना डीपीटीचे बूस्टर असतात. पहिल्या डोसनेही गंभीर आजाराचा धोका कमी होतो, म्हणून सहा आठवड्यांचा डोस पुढे ढकलू नये. वेळेआधी जन्मलेल्या बाळालाही लस जन्मतारखेपासून मोजूनच द्यायची असते.

पहिल्या सहा आठवड्यांचं काय? त्यासाठी गरोदरपणात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान, टीडॅप लस आहे. ती प्रत्येक गरोदरपणात घ्यावी लागते. सरकारी केंद्रात गरोदर महिलांना दिली जाणारी टीडी लस वेगळी आहे. ती धनुर्वात आणि घटसर्पाची असून तिच्यात डांग्या खोकल्याची लस नसते. टीडॅप प्रामुख्याने खासगी दवाखान्यांत मिळते.

इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत १४ बाळं दगावल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गरोदर महिलांना ही लस देणं सुरू झालं. लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या काही आठवड्यांत सुमारे ९० टक्के संरक्षण मिळत असल्याचं तिथे आढळलं.

बारसं असो की बाळाला बघायला येणं असो, खोकला-सर्दी असलेल्यांनी बाळापासून लांबच राहावं. घरातल्यालाच खोकला असेल, तर मास्क लावून वेळेत डॉक्टरांना दाखवावं.

ताबडतोब रुग्णालय गाठा, जर…

- बाळाचा श्वास मध्येच थांबत असेल
- ओठ, जीभ किंवा चेहरा निळा पडत असेल
- छाती आत ओढली जात असेल किंवा श्वास फार वेगाने चालत असेल
- बाळ दूध पीत नसेल किंवा प्रत्येक उबळीनंतर उलटी करत असेल
- झटके येत असतील किंवा बाळ एकदम मलूल झालं असेल

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. उबळ थांबून बाळ पुन्हा हसू लागलं, तरी दाखवायला उशीर करू नये. पुढची उबळ कधी येईल हे सांगता येत नाही.