डिझेल की पेट्रोल : भारतीय मोटारखरेदीतील इंधननिवडीचा इतिहास

रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखविले. ठिणगीऐवजी दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटविणारे हे इंजिन कमी इंधनात अधिक काम करीत असे. मात्र ते जड, गोंगाटी व महाग होते. त्यामुळे कारखाने, जहाजे व मालमोटारी यांत ते आधी स्थिरावले.

भारतात या दोन इंधनांतील निवड केवळ यंत्रशास्त्राने ठरली नाही. ती प्रामुख्याने शासनाच्या किंमतधोरणाने ठरली. डिझेल हे शेतीपंप, एस. टी. व मालमोटारींचे इंधन आणि पेट्रोल हे मोटारमालकाचे, असे गृहीत धरून डिझेलचा दर खाली ठेवण्यात आला, तर पेट्रोलवर करांचा अधिक भार टाकण्यात आला. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची (स्थापना १९४६) इंजिने विहिरीवर चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे धोरण रास्तच होते. परंतु पंपावरील नळी ग्राहक ओळखत नाही. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यातच घडलेली टाटा इंडिका बाजारात आली आणि छोटी डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. शेतकऱ्यासाठी ठेवलेली सवलत तिच्या टाकीतही जाऊ लागली.

ही विसंगती जून २०१० नंतर तीव्र झाली. पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र झाले नाहीत. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये, तर डिझेल सुमारे ४१ रुपये होते. डिझेल मोटार १ लाख रुपयांनी महाग असून ती लिटरमागे २० किलोमीटर व पेट्रोल मोटार १५ किलोमीटर धावते असे मानल्यास, हा जादा खर्च सुमारे ३५ हजार किलोमीटरमध्ये भरून निघत असे. रोज लांबचा प्रवास करणाऱ्यास दोन वर्षेही पुरत. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचे अतिरिक्त अबकारी शुल्क सुचविले होते. शासनाने ते स्वीकारले नाही. ग्राहकाने हिशेब चोख केला होता, चूक हिशेबाच्या आकड्यांत होती.

जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. ती ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का शुल्काच्या अटीवर उठली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल इंजिनाची धूरशुद्धी आणखी खर्चिक झाली आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बंद केल्या. जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलहून किंचित महाग झाले. दोन्हींचे दर ८० रुपयांच्या आसपास होते. वरील गृहीतकांनुसार त्या महिन्यात तोच १ लाख भरून निघण्यास ७५ हजार किलोमीटर लागले असते.